दोरी हातात धर

द हेग, रविवार रात्र

प्रिय सोन्या,

काल ती नाव चालवून बघितली. फोनवर तुला "छान होती" एवढंच म्हणाले, कारण बोटं इतकी आखडली होती की फोन धरवत नव्हता. आज नीट सांगते, कारण घ्यायची की नाही हे तुझ्याशी बोलल्याशिवाय मी ठरवणार नाही.

नाव फॉर्म्युला १८ वर्गातली कॅटमरान आहे, म्हणजे दोन हलची. हल म्हणजे पाण्यावर तरंगणारं लांबट अंग. साडेपाच मीटर लांब, २.६० मीटर रुंद आणि वजन १८० किलो, म्हणजे बुलेट मोटरसायकलपेक्षाही थोडं कमीच. त्यावर नऊ मीटरची डोलकाठी आणि १७ चौरस मीटरचं मोठं शीड. पुढचं छोटं शीड आणि स्पिनेकर, म्हणजे वारा मागून असताना लावायचं फुगीर शीड, वेगळे. एवढ्या हलक्या अंगावर एवढं कापड बघूनच पोटात गोळा आला.

स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर, वाळूवरून फुगीर चाकांच्या गाड्यावर ती पाण्यात नेली. वारा नैऋत्येचा, वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापावर चार, म्हणजे मध्यम. पाणी थंडगार. विकणारे गृहस्थ साठीचे, टेक्सेल बेटाला वळसा घालणाऱ्या शर्यतीत अनेकदा उतरलेले. १९७८ पासून चालू असलेली ती शंभरेक किलोमीटरची शर्यत तुला माहीत आहेच. लाटा फुटतात तो पट्टा ओलांडेपर्यंत सुकाणू त्यांच्याकडे होतं. मग म्हणाले, आता तुम्ही धरा.

ट्रॅपीझच्या, म्हणजे डोलकाठीवरून खाली येणाऱ्या तारेला कमरेनं लटकून, पाय काठावर टेकून मी बाहेर झुकले आणि वाऱ्याकडचा हल अलगद पाण्याबाहेर आला. सोन्या, तो क्षण शब्दांत कसा पकडू? पाण्याचा आवाज एकदम निम्मा होतो. एकच हल पाणी कापत असतो, त्यामुळे घर्षण कमी होतं आणि नाव पुढे झेपावते. वेग वाढला की वारा समोरून येतोय असं वाटायला लागतं, स्कूटरवर लागतो तसा. शीड आणखी आत ओढावं लागतं, मग वेग आणखी वाढतो. एका हलच्या मोठ्या नावेला तोल सांभाळायला बहुधा खाली जड कणा लागतो. इथे ते काम रुंदी करते आणि बाहेर लटकलेलं आपलं शरीर करतं.

मला आबांची उलांडीची, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकूड बांधलेली होडी आठवली. मालवणला जोराचा वारा आला की आबा मला उलांडीच्या दांड्यावर बसवायचे. माझं अंग तेव्हा वीस किलोचं, पण तेवढ्यानंही होडी सावरायची. कॅटमरान हा शब्दच मुळी तमिळ कट्टुमरमवरून आला, बांधलेली लाकडं. तिथे ओंडके बांधायचे, आबा काथ्यानं उलांडी बांधायचे, इथे दोन हल ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांना बोल्टनं जोडलेले.

आबा एक गोष्ट सारखी सांगायचे: "दोरी बांदू नको गो, हातात धर." काल मी तेच विसरले. परत येताना स्पिनेकर लावला होता आणि मोठ्या शिडाची दोरी मी दातेरी पकडीत अडकवून ठेवली. वाऱ्याचा झोत आला. दोरी वेळेवर सुटली नाही, वाऱ्याच्या उलट बाजूच्या हलचं पुढचं टोक पाण्यात घुसलं, नाव थबकली आणि आम्ही दोघंही पुढे फेकले गेलो. दुखापत काही नाही. पण पाण्याखाली, शिडाच्या सावलीत, दोन सेकंद मला वर कुठे ते कळलं नाही. तुझ्यापासून हे लपवायचं नाही.

उलटी नाव सरळ करणं हीही परीक्षाच होती. आधी स्पिनेकर पिशवीत ओढला, मग टोक वाऱ्याकडे वळू दिलं, खालच्या हलवर दोघं उभे राहिलो आणि दोरीला धरून मागे झुकलो. वारा शिडाखाली शिरला की तोच तिला उचलतो. तिसऱ्या प्रयत्नाला उठली. मी एकटी असते तर माझ्या वजनानं ती उठली नसती.

किनाऱ्यावर आल्यावर मी दोन्ही हलची मागची बुचं काढली. निघण्याआधी मी ती उघडून आत कोरडं आहे हे बघितलं होतं. डावीकडून वाटीभर पाणी निघालं, ते चालतं. उजवीकडून मात्र अर्धी बादली. डॅगरबोर्डच्या, म्हणजे हलमधून पाण्यात खाली सरकवायच्या फळीच्या खाचेजवळ अंगठ्यानं दाबलं तर पृष्ठभाग किंचित दबला. आडव्या दांड्यांचे बोल्ट घट्ट आहेत, शिडं चांगली आहेत, पण ती मऊ जागा मला खटकते. गृहस्थांनी स्वतःहून दुरुस्तीची तयारी दाखवली. मी म्हटलं, दुरुस्त करा, मग पुन्हा पाण्यात नेऊ आणि बुचं पुन्हा उघडू.

त्या वेळी माझ्याबरोबर तू हवास. ही दोघांची नाव आहे. ऑलिंपिकमध्येही २०१६ पासून नाक्रा १७ या कॅटमरानवर एक स्त्री आणि एक पुरुष असतात. आपण पदकाला जात नाही, पण आई-मुलाची जोडी तिथे शोभेल असं मला मनापासून वाटतं. सुकाणू तू घे. झोत आला की दोरी सोडायचं काम माझं.

ग्रोनिंगेनहून शुक्रवारी रात्रीची गाडी घे. बूट जिन्याखालच्या कपाटात आहेत. तुझा वेटसूट आता आखूड होईल, तो आपण भाड्यानं घेऊ.

तुझी,
आई