शंखपुष्पीचा अपाय नाही म्हणता?

मा. संपादक साहेब,
स. न.

कालच्या पुरवणीतला स्मरणशक्तीवरचा लेख वाचला. फोटो छान होता. पण ब्राह्मी, शंखपुष्पी, जिंकगो सगळे एका रांगेत बसवून खाली बिनधास्त छापलंय की वनस्पती असल्यानं कोणताही अपाय नाही. साहेब, छापायच्या आधी हे वाक्य कुणी डॉक्टरला दाखवलं होतं का?

माझा भाचा लातूरला ट्यूशन एरियात रूम करून नीटची तयारी करतो. लेकराला लहानपणापासून फिट येते, फेनिटोइनची गोळी चालू आहे अन् गोळीवर सगळं नीट चाललं होतं. तर क्लासमध्ये एक सर आले स्मरणशक्तीवर बोलायला, बोलणं कमी अन् बाटल्याच जास्त, शंखपुष्पीचं सिरप, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घ्या, बायोलॉजी विसरणारच नाही म्हणे. यानं घेतलं. ताईला सांगितलं पण नाही, कारण जडीबुटी, ते काय औषध थोडंच आहे! अन् एका दुपारी मेसमध्ये ताटावरच फिट आली, वरण सगळं अंगावर, जीभ चावून रक्त, शेजारची पोरं भेदरून उठली. रक्त तपासलं तर गोळी वेळेवर घेऊनही रक्तात औषध पार कमी. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, शंखपुष्पी बिंखपुष्पी घेतो का रे? म्हणजे बघा. शंखपुष्पीच्या औषधानं फेनिटोइन रक्तात कमी होतं हे १९९२ सालीच छापून आलंय. तुमच्या लेखकाला एवढ्या वर्षात सापडलं नाही, आमच्या डॉक्टरला ओपीडीच्या गर्दीत आठवलं.

जिंकगोचं पण ऐका. अमेरिकेत पंचाहत्तरीच्या वरच्या ३०६९ लोकांवर सहाएक वर्षं तपासून पाहिलं, अर्ध्यांना जिंकगो, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी. २००८ ला निकाल आला, डिमेन्शिया काही कमी झाला नाही. शिवाय रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जिंकगोनं रक्तस्रावाची भीती, ते वेगळंच. ब्राह्मीचं त्यातल्या त्यात बरं आहे, काही छोट्या अभ्यासांत बारा आठवडे वगैरे घेतल्यावर थोडा फरक दिसलाय, मान्य. पण ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घेऊन काय होणार, पोटच बिघडायचं.

अन् ज्याला खरंच विसरायला होतंय त्यानं आधी बी१२ अन् थायरॉईड तपासावं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन खाणाऱ्या शुगरवाल्यांचं अन् शाकाहारी माळकरी मंडळींचं बी१२ कमी निघू शकतं, ही एक ओळ टाकायला जागा नव्हती. लेखाच्या बाजूला 'विस्मरण मुळापासून बरे' अशी पाव पानभर कॅप्सूलची जाहिरात टाकायला मात्र होती! मेंदूच्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तुमच्या जाहिरात विभागातल्या साहेबांना कुणीतरी सांगा, ते बहुतेक ब्राह्मी घेत नसावेत.

जाता जाता, लेखात मेंदूला व्यायाम म्हणून शब्दकोडं सोडवा असंही म्हटलंय. आमचे नाना रोज सोडवतात. पण गेल्या सोमवारच्या कोड्याखाली तुम्ही उत्तरं दुसऱ्याच कोड्याची छापली, नानांचं आडवं सात तेव्हापासून अडलंय अन् ते रोज सकाळी मलाच विचारतात. बरोबर उत्तरं तेवढी छापा.

आपला जुना वाचक,
औसा रोड, लातूर