मनाच्या आजारावर उपचार करणाऱ्यांची यादी सोलापुरात भिंतीवर लावा, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सोलापूरहून सप्रेम नमस्कार.

साहेब, माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर रात्रपाळी करायचा. आधी त्याची झोप उडाली. मग म्हणू लागला, माग बंद असला तरी खटखटीतून माझंच नाव ऐकू येतं. आई विड्या वळते. तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं नि तेलुगूत म्हणाली, ‘वाडिकि निद्र पट्टडं लेदु,’ म्हणजे त्याला झोप लागत नाही, ‘कुणाला तरी दाखव रे.’

कुणाला, हाच घोळ. ‘मानसतज्ज्ञ’ अशी पाटी दिसली, शिरलो. खेपेला 500 रुपये. आईला तेवढ्यासाठी किती विड्या वळाव्या लागतात, ते सोडा. 7 महिने डोळे मिटून चांगले विचार करायला लावले. माणूस वाईट नव्हता, कसलासा कोर्स केलेला समुपदेशक होता. पण कानात आवाज येतात का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टरांनी बसल्या बसल्या तेच विचारलं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो निदान करून गोळ्या देतो, हे मला तिथं कळलं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, गोळ्या लिहीत नाही. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाचंही काम आहेच. परीक्षेचा ताण, घरातली भांडणं तिथं बोलावीत. भावाचा आजार तिथला नव्हता, एवढंच.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 55 आपल्याला ठाऊक असेल. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांची नोंदणी करून यादी प्रसिद्ध करणं हे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं काम आहे. त्यातली सोलापूर जिल्ह्याची नावं प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या, विडी कामगारांच्या दवाखान्याच्याही, केसपेपरच्या खिडकीशेजारी लावा. वर मानसोपचारतज्ज्ञांची नावं, आणि कोण काय करतो ते एकेका ओळीत. खाली ठळक 14416, फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी टेली-मानसचा फुकट नंबर.

आणि खिडकीवर तेलुगू बोलणारं एक माणूस ठेवा. पूर्व भागातल्या आयाबायांना झोपेचं दुखणं मराठीत सांगता येत नाही. माझ्या आईलाही आलं नाही, मीच मध्ये बोलत होतो, आणि निम्मं गाळत होतो.

आपला,
विडी घरकुलमधला एक भाऊ