धुळीचा इलाज आदल्या संध्याकाळी

मा. संपादक,

नाशिकमध्ये मातीवर मोटारशर्यत असली की तक्रार ठरलेली: धूळ. टँकर येतो, पण सकाळी! मग वर चिखल, खाली कोरडं. चार फेऱ्यांत वळणावर चाकोऱ्या. पाणी आदल्या संध्याकाळी, दोन-तीन हलक्या हातांनी मारावं, मुरू द्यावं, मग रोलर. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा, तळहाताला चिकटू नये. नुसती काळी माती उन्हात भेगाळते, मुरूम मिसळावा.

कडेचे टायर नटबोल्टने एकमेकांना आवळावेत, सुटे टायर धडकेत ट्रॅकवरच येतात. अमेरिकेतले छोटे स्टॉक कार (रोजच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या) ट्रॅक कितीदा नवरा-बायकोच चालवतात: एक मातीवर, एक फेऱ्या मोजून लिहायच्या वहीवर. ट्रान्सपॉन्डर (फेऱ्या आपोआप मोजण्यासाठी गाडीवर बसवतात तो) असला तरी वही हवीच. धडकेत तो निखळू शकतो.

– एक दांपत्य, नाशिक