खरादवाल्या काकाजींना, ते चाक फोडल्याबद्दल

काकाजी, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला लागलो तेव्हा तुम्ही "चाय घेता का" म्हणून विषय बदलला. म्हणून चारचौघांत लिहितो. इथे तुमची चहाची युक्ती चालणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या बाबांची जुनी मारुती एस्टीम कार आहे. १२९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, अजून खणखणीत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गियर उतरवला की इंजिनानं पटकन आवाज धरावा, एवढीच हौस होती. त्यासाठी हलकं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागं बसून त्याच्याबरोबर फिरणारं जड चाक, हवं होतं. यानं ताकद वाढते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. इंजिनाला आपलंच जड चाक फिरवण्यात जो जोर घालवावा लागतो तेवढा वाचतो, म्हणून ते चटकन चढतं आणि चटकन उतरतं. दुसऱ्या-तिसऱ्या गियरात फरक कळतो, पाचव्यात जवळजवळ नाहीच.

हे काम आधी शहरातल्या एका चकाचक दुकानात दिलं होतं. काचेचा दरवाजा, एसी ऑफिस, भिंतीवर रेसच्या गाड्यांचे फोटो. त्यांनी मूळचंच बिडाचं चाक खरादावर, म्हणजे लेथवर, धरलं आणि जिथं मिळेल तिथून खरवडलं, अगदी मधल्या पातळ भागातूनसुद्धा. बॅलन्सिंगचं, म्हणजे फिरताना चाक थरथरू नये म्हणून वजन सगळीकडून सारखं करण्याचं, नाव नाही. इंजिन तीन हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर, गेलं की गियरच्या दांड्याला मुंग्या यायच्या. तक्रार केली तर म्हणाले, "तोच तर स्पोर्टी फील आहे, सर." पुन्हा गेलो तर गाडीच जुनी निघाली. बिल मात्र रंगीत होतं, लोगोसकट.

तुमच्या दुकानाला पाटीसुद्धा नाही. जिनिंगचे रोलर, थ्रेशरचे शाफ्ट, मोटरपंपाचे बुश, ही तुमची रोजची कामं. कारचं चाक घेऊन आलेला माणूस बघून हसाल असं वाटलं होतं. तुम्ही चाक हातात घेतलं, टिचकी मारून आवाज ऐकला, व्हर्नियरनं जाडी मोजली आणि विचारलं, "कोनं केलं हे?" मी नाव सांगितलं. तुम्ही नावावर काहीच बोलला नाहीत, नुसतं चाक बाजूला ठेवलं. "हे मी नाई बसवत."

मग विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचं उदाहरण देऊन तुम्ही मला जे समजावलं ते त्या एसी ऑफिसात कोणाला सांगता आलं नव्हतं. एकच पिस्टन, चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदा ढकलतो. उरलेला सगळा वेळ ते भलंमोठं चाकच इंजिन ओढत राहतं. कारच्या चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेरीला कोणीतरी ढकलतो, म्हणून थोडं वजन काढता येतं. पण काढायचं कुठून? कडेकडून. मध्यापासून दुप्पट अंतरावरचं वजन इंजिनाला चौपट जाणवतं, मग मधला भाग कोरून हाती काय लागतं? चाक कमजोर होतं, तेवढंच. आणि बीड दाबाला खंबीर असलं तरी ताणाला कच्चं. आरपीएम दुप्पट झाला की बाहेर ओढणारा जोर चौपट. असं चाक फुटलं तर बेलहाउसिंगला, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या कवचाला, भोक पाडून बाहेर येतं, मग समोर जे असेल ते.

भंगारातून दुसरं मूळचं चाक आणायला तुम्हीच लावलं. मागच्या बाजूनं, कडेजवळून, मोजकंच काढलं. "अजून थोडं काढा की," म्हणालो तर "पोट्टेबाळं बसतेत ना गाडीत?" एवढंच उत्तर. बॅलन्सिंगचं मशीन आपल्याजवळ नाही हे आपणहून सांगितलं आणि प्रेशर प्लेटसकट, म्हणजे चाकावर बसणाऱ्या क्लचच्या भागासकट, चाक नागपूरला पाठवायला लावलं. ते परत आल्यावर दोन्हींवर पंचानं एकेक ठिपका मारला, म्हणजे पुढं कधी क्लच प्लेट बदलायला कोणी उघडलं तर त्याला जोडणी तशीच बसवता येईल.

हे सगळं चांगल्या कारागिराचं काम झालं, त्याचे पैसे मी दिले. ज्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, मागितलेही नाहीत, ते वेगळंच आहे.

ते शहरातलं खरवडलेलं चाक मी म्हटलं, भंगारात देऊन टाका. दुकान बंद करायची वेळ झाली होती, पोरगा झाडू मारत होता. तुम्ही चाक उचललं, ग्रायंडरनं त्याला आरपार एक खाच पाडली, बाहेरच्या दगडावर ठेवलं आणि घण घातला. पोरगा म्हणाला, "बाबा, कायले मेहनत करता, तसंच जाते ना भंगारात." तुम्ही म्हणालात, "साबूत गेलं त कोनी घासूनपुसून विकन. कोनाच्या गाडीत लागन, काय मालूम."

काकाजी, तो "कोणी" तुम्हाला कधी भेटणार नव्हता. अकोल्याचा असेल, मध्यप्रदेशातला असेल, नसेलही. त्याच्यासाठी दिवसभर उभं राहून दुखलेल्या पाठीनं तुम्ही घण उचलला. ते चाक खरवडणाऱ्यांना समोर उभ्या असलेल्या, पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची फिकीर नव्हती. घरी येऊन बायकोला हे सांगताना माझा आवाज जरा बिघडला, आणि ती म्हणाली, एवढं काय त्या लोखंडाचं! तिला अजून नीट सांगता आलेलं नाही.

आपल्याकडे चांगुलपणा म्हटलं की लोक अन्नदान, रक्तदान सांगतात. तेही मोठंच. पण वाईट माल आपल्या हातून पुढं जाऊ न देणारी माणसं मला जास्त भिडतात. बोगस बियाणं परत पाठवणारा कृषी केंद्रवाला, जुनं इंजेक्शन फेकून देणारा कंपाउंडर. यांचा सत्कार होत नाही, कारण त्यांनी जे टाळलं ते कोणाला दिसतच नाही.

गाडीचं सांगायचं तर झकास आहे. थंड इंजिन उभ्या जागी किंचित थरथरतं, एसी लावला की आरपीएम जरा दबतो, आणि बाजाराच्या दिवशी गर्दीत क्लच जपून सोडावा लागतो, नाहीतर बंद पडते. हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. घाटात मात्र तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली की अशी उचलते, की बाबा मागच्या सीटवरून "हळू" म्हणतात आणि हसतात.

मृग बहाराची संत्री उतरली की एक पेटी आणून टाकीन. चाय मी पाजणार, आणि पोराला सांगून ठेवा, पैसे घ्यायचे नाहीत.

तुमचा,
एस्टीमवाला