मृदा आरोग्य पत्रिकेत शिसे आणि कॅडमियम कधी येणार? केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कृषिमंत्री महोदय,
स. न.

यंदाची मृदा आरोग्य पत्रिका आम्हा सुगंधी गवत उत्पादकांच्या हाती पडली. नत्र, स्फुरद, पालाशपासून सेंद्रिय कर्बापर्यंत तेच १२ रकाने. शिसे नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही; विषारी जड धातूंचा एकही रकाना नाही. २०१५ पासून हेच चालू आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यावर भिजणाऱ्या रानालाही हाच कागद मिळतो, याचा आम्हाला संताप आहे.

वर सल्ला मिळतो : अशा जमिनीत गवती चहा, रोशा, वाळा ही सुगंधी गवते लावा, त्यांच्या तेलात धातू उतरत नाहीत. हे अर्धेच सांगणे झाले. गवत वाफवून तेल काढताना वाफेबरोबर सिट्रल (गवती चहाच्या तेलातला मुख्य सुगंधी घटक) जातो, शिसे-कॅडमियम जात नाहीत, हे खरे. पण १ टन ओल्या गवतातून तेल निघते जेमतेम ५ किलो. पानांतला जवळजवळ सगळा धातू तेल काढून उरलेल्या चोथ्यात राहतो. तो चोथा गुरांपुढे पडतो, नाहीतर भट्टीत जळतो आणि राख पुन्हा रानात येते. गांडूळखत केले तर चोथ्याचे वजन घटते, धातू तेवढाच उरतो, म्हणजे किलोमागे प्रमाण वाढते. खत नियंत्रण आदेशात कंपोस्टला किलोमागे शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बांधावरच्या चोथ्यापर्यंत ती कोण पोहोचवतो? तीच पाने वाळवून चहा-काढ्यासाठी विकली, तर मध्ये वाफही नाही. धातू थेट माणसाच्या पोटात.

शिवाय कॅडमियम वाढले की ठोंब खुरटतात. तेलाचा टक्का टिकला तरी एकरी तेल घटते. सिट्रल ७५ टक्क्यांखाली घसरला की दर पडतो, आणि कारण पत्रिकेत सापडत नाही.

तपासणी अशी हवी : ०–१५ आणि १५–३० सेंटीमीटरचे वेगळे नमुने, प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टीलच्या अवजाराने. जस्ताचा मुलामा असलेले फावडे किंवा बादली नको, नमुना तिथेच बिघडतो. एकूण धातूबरोबर पिकाला मिळणारा धातूही मोजा, कारण कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत कॅडमियम पिकात सहज शिरते, चुनखडीच्या काळ्या मातीत कमी. चोथ्याचीही चाचणी करा.

आणि खर्च? तो सांडपाणी सोडणाऱ्याकडून वसूल करा. आज कृषी खाते पर्यावरणाकडे बोट दाखवते, पर्यावरण उद्योगाकडे, आणि माल शुद्ध असल्याचा पुरावा मात्र ज्याची जमीन नासवली त्या शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने आणायचा. हे आम्हाला मान्य नाही.

सुगंधी वनस्पती उत्पादक शेतकरी