अंगणातले गांधीलमाश्यांचे पोळे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा सरत आला की कोकणातल्या वाड्यावाड्यांत गांधीलमाश्यांची पोळी भराला येतात. आमच्या कुंपणालगतच्या रातांब्यावर यंदा असेच एक पोळे लागले असून, लाकडाचा भुगा चावून माश्यांनी केलेले त्याचे करडे, कागदी कवच आता घागरीएवढे झाले आहे आणि त्याच्या खालूनच मुलांची शाळेची पायवाट जाते. पोळे काढायचे कोणी, हे विचारायला गेल्यावर एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले. अशा वेळी गावात जे होते तेच मग होते : रात्री झावळ्यांची चूड पेटवून कोणीतरी पुढे सरसावतो आणि पोळे अर्धवट जळाले, तर उरलेल्या माश्या त्याच्यावर तुटून पडतात.

रानात दूरवर असलेल्या पोळ्याला हात लावू नये, असेच माझे मत आहे, कारण या माश्या पिकांवरच्या अळ्या मारून आपल्या पिलांना भरवतात. प्रश्न आहे तो माणसांच्या वावरातल्या, अंगणातल्या पोळ्यांचा. मधमाशीची नांगी कातडीत अडकून तुटते. गांधीलमाशीची तशी अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते आणि डिवचल्या गेलेल्या माश्यांच्या गंधाने पोळ्यातल्या इतरही चवताळून येतात.

आपल्यापर्यंत मला पोहोचवायचे आहे ते यापुढचे. सर्पदंशावर प्रतिविष लस आहे, गांधीलमाशीच्या विषावर तशी लस नाही. म्हणून सारी भिस्त वेळेवर आणि नेमक्या उपचारावर असते. ज्याला या विषाची अ‍ॅलर्जी आहे, त्याचा घसा सुजून, रक्तदाब कोसळून एका डंखानेही काही मिनिटांत जीव जाऊ शकतो आणि अशा वेळी मांडीच्या स्नायूत तत्काळ दिलेले अ‍ॅड्रेनॅलिन हाच पहिला उपाय असतो. ज्याला अनेक डंख झाले आहेत, त्याचा धोका मात्र उशिरा उघड होतो. विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, लघवी चहासारखी काळपट होते, ती कमी होत जाते आणि एकदोन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सूज उतरली, वेदना थांबल्या, म्हणून अशा रुग्णाला गोळी देऊन घरी पाठवणे घातक आहे. डंखावर चुना लावून घरीच बसणाऱ्यांना हे सांगणारे तर कोणीच नसते.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच कोकणात विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तेव्हा साधे, स्वस्त औषध योग्य वेळी दिल्याने किती जीव वाचतात हे साऱ्या जगाने पाहिले.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी गांधीलमाशी व मधमाशीदंशाची लेखी उपचारपद्धती मराठीत काढावी. अनेक डंख झालेल्या रुग्णाला दाखल करून त्याची लघवी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करणे, तसेच गरज पडताच डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला हलवणे, त्यात बंधनकारक असावे. आशाताईंनाही ही लक्षणे शिकवावीत. आणि ग्रामविकास खात्याशी बोलून, संरक्षक पोशाख व प्रशिक्षण असलेले एक तरी पथक प्रत्येक तालुक्यात नेमावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. हे आदेश पुढच्या पावसाळ्याआधी निघावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक बागायतदार