रब्बी ज्वारीचे खत फेकू नका, पेरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर मध्यावर आला की मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडच्या काळ्या रानांत ज्वारीच्या पेरणीची घाई उडते. 15 ऑक्टोबरच्या आत बी पडले पाहिजे, ट्रॅक्टर मिळेल तेव्हा मिळेल, म्हणून नुसते बी पेरून घ्यायचे आणि पीक वर आले की युरिया हाताने फेकायचा, अशी रीत पडली आहे. बागायतीत हे खपून जाते, कारण खतामागे पाणी सोडता येते. जिरायतीचे तसे नाही. ऑक्टोबर सरता सरता वरची तीन-चार बोटे माती सुकते. मुळ्या ओलीच्या मागे खोल जातात, खत वरच राहते. त्यात आपल्या जमिनी चुनखडीच्या. उघड्यावर पडलेल्या युरियातले नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत जाते. पैसे देऊन आणलेली गोणी अशी वाया जावी, याचे फार वाईट वाटते.

भारी जमिनीत कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी 60 किलो नत्र आणि 30 किलो स्फुरद (फॉस्फरस) द्यावे, तेही सगळे पेरतानाच, अशी शिफारस आहे. एकराला हिशेब केला तर नत्र-स्फुरद दोन्ही असलेल्या डीएपी खताची अर्धी पिशवी आणि युरियाची एक 45 किलोची गोणी. मध्यम जमिनीला याहून कमी लागते. एवढेच खत दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खतासाठी वेगवेगळी तोंडे असलेल्या पेरणीच्या अवजाराने) बियाच्या खाली, ओलीत पडले तर रोपाला पहिल्यापासून मिळते. मात्र बी आणि खत एकाच नळीतून सोडू नये. युरिया बियाला चिकटला की उगवण मार खाते.

मशागतीचेही तेच. पावसाळ्यात रान पडीक असते तेव्हा उताराला आडव्या कुळवाच्या (माती वरवर हलवणाऱ्या अवजाराच्या) पाळ्या घालाव्यात, जुलैत सारे (बांध घातलेले छोटे वाफे) पाडून पाणी जागेवर जिरवावे. हल्ली रोटाव्हेटर फिरवून माती पिठासारखी करतात. दिसायला रान झकास दिसते, पण एका जोराच्या सरीत वर पापुद्रा धरतो आणि पाणी बांधाबाहेर जाते. पुढे पेरणीनंतर आठव्या आठवड्याच्या सुमारास भेगा पडू लागल्या की त्या बुजवून ओल राखायला दातेरी कोळपे (पिकाच्या ओळींमधून फिरवायचे अवजार) हवेच. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे जुन्या माणसांनी उगाच म्हटलेले नाही.

शेतकरी आळशी आहे म्हणून खत फेकतो, असे मात्र कोणी समजू नये. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच पेरणी यंत्रांना खताची पेटीच नसते, असली तर नळ्या तुंबलेल्या. अनुदानावर चालणाऱ्या, अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजार बँकांना बी-खताची वेगळी पेटी असलेले यंत्र ठेवणे बंधनकारक करावे. कृषी खात्याने पेरणीआधी गावोगावी एकेका रानात खत पेरून दाखवावे, शेजारच्या तुकड्यात फेकून द्यावे, आणि काढणीला दोन्हीकडची ज्वारी व कडबा गावासमोर तोलावा.

आपला,
एक जिरायत शेतकरी,
मंगळवेढा, जि. सोलापूर